विशेष तुकडी

त्या दिवशी मधल्या सुट्टीत हेडमास्तर भुजंगरावांनी कौसल्याला कपातून चहा दिला. पांढरा कप, कडेला निळी रेघ, खाली बशीसुद्धा. शिपाई किटली घेऊन आला तेव्हा ती सवयीने उठून खिडकीकडे निघाली होती, कारण खिडकीच्या फळीवर तिचा स्टीलचा पेला उपडा घातलेला असे. तो पेला आणायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. पालिकेच्या या शाळेत ती लागली त्याच आठवड्यात तिने तो स्वतःच घरून आणला होता, आणि 'कशाला आणलात' असं कुणी म्हटलं नव्हतं. एवढंच झालं होतं. "अहो कौसल्याबाई, कुठं निघालात? बसा," भुजंगराव म्हणाले आणि त्यांनी आपल्या हाताने कप तिच्यापुढे सरकवला. पलीकडे तिसरीच्या पुष्पाबाई बसल्या होत्या. त्यांनी एकदा आपल्या कपाकडे पाहिलं, एकदा तिच्या. आपला कुठला आणि हिचा कुठला हे त्यांनी मनात पक्कं करून घेतलं, हे कौसल्याला दिसलं. सांडेल म्हणून तिने चहा बशीत ओतला नाही. तशीच प्यायली. जीभ भाजली. चहा रोजचाच होता, पण घशाखाली उतरताना तिला कुणीतरी पाठीवर हात ठेवल्यासारखं वाटलं, आणि असं वाटलं याची तिला लगेच शिसारी आली. तरी तिने कप तळापर्यंत रिकामा केला.

"शनिवारी शिक्षण समितीची बैठक आहे," भुजंगराव म्हणाले. "वस्तीतल्या लोकांनी वेगळ्या शाळेचा अर्ज दिलाय ना, त्यावर. अध्यक्षसाहेबांचं म्हणणं, तुम्ही दोन शब्द बोलावेत. तुमच्याइतका अधिकार कुणाचा आहे? तुम्ही आमच्यात शिकलात, आमच्यात शिकवता."

"तो अर्ज माझ्या वडलांनी दिलाय, सर."

"म्हणून तर." भुजंगराव हसले. कुंभार पिंपळगावकडे त्यांची मोठी शेती होती आणि ते हसत तेव्हा वाड्यावरच्या माणसासारखे, समोरच्याला सांभाळून घेत हसत. "आणि एक सांगू का, बाई? ती शाळा झालीच, तर तिथं पाठवायला पालिकेकडं तुमच्याशिवाय दुसरं आहे कोण?"

सुट्टीनंतरच्या तासाला ती चौथीच्या मुलांना नद्या सांगत होती आणि जीभ टाळूला लागली की भाजल्याजागी खरखरत होती. तिथं पाठवायला. वस्ती रेल्वे फाटकाच्या पलीकडे होती. तिथल्या गल्लीतून चालताना दोन्ही बाजूंच्या पत्र्यांना खांदे लागत. जिनिंगमधून उडालेला कापूस गटारात भिजून पडलेला असे. तिचा जन्म तशाच वस्तीतला, परतूरच्या पुढच्या एका खेड्यातला. नोकरी लागल्यावर मात्र तिने फाटकाच्या अलीकडे खोली घेतली होती. नवरा रामकिसन बदनापूरच्या शेतकी फार्मवर कारकून होता, तो रोज गाडीने जाई-येई आणि घरी आल्यावर ट्रान्झिस्टर कानाला लावून पडे. खोलीला खिडकी होती, खिडकीला पडदा होता, आणि शेजारच्या सगुणाबाई तिला 'मास्तरीणबाई' म्हणत. एवढं तिने जमवलं होतं. ते जमवायला किती लागलं होतं ते तिचं तिलाच माहीत होतं. आता शाळेच्या नावाने उचलून तिला परत तिथंच नेऊन ठेवणार होते, आणि नेणारा तिचा बाप होता.

अर्ज कशावरून झाला हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी शाळेत पाटीपूजन असे. पाट्या रचून हळदीकुंकू वाहत, मुलं ओळीने हात जोडून उभी राहत आणि मग प्रसाद मिळे. त्या दिवशी तिसरीतली बेबीनंदा हात न जोडता उभी राहिली. वस्तीतली, जिनिंगमध्ये सरकी वेचणाऱ्या चांगुणाबाईची पोरगी. दात पडलेले, तेल लावून चापून घातलेल्या वेण्या. पुष्पाबाईंनी विचारलं तेव्हा म्हणाली, "आमच्यात न्हाई जोडत. आजोबानं सांगितलंय." आजोबा म्हणजे तातेराव, कौसल्याचे वडील. रेल्वेतल्या गँगमनच्या नोकरीतून सुटल्यावर ते संध्याकाळी वस्तीतल्या समाजमंदिरात पोरांना जमवून बुद्धवंदना आणि पाढे शिकवत, आणि वस्तीतली सगळी पोरं त्यांना आजोबा म्हणत. पुष्पाबाईंनी बेबीनंदाला भुजंगरावांपुढे नेलं. भुजंगराव चिडले नाहीत. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "हात जोडायचे नाहीत ना? बरं. मग वर धर." आणि तिला मैदानाच्या मधोमध उभं केलं, दोन्ही हात आभाळाकडे करून. पूजा झाली, आरती झाली, प्रसाद वाटून झाला, वर्ग पुन्हा भरले. ऑक्टोबरचं ऊन होतं. कौसल्या चौथीच्या वर्गात खिडकीशी उभी होती. पोरीचे हात खाली यायला लागले की शिपाई ओरडे आणि हात वर जात. मग फ्रॉकच्या खाली मातीवर एक काळा डाग पडला आणि पसरत गेला. कुणीतरी हसलं, मग सगळी शाळा हसली. वस्तीतली पोरंसुद्धा हसली, ती जरा जास्तच जोरात. कौसल्याने मुलांकडे तोंड केलं आणि पुढचं वाक्य सांगितलं. मुलांनी ते लिहून घेतलं.

पाटीपूजनाच्या त्याच संध्याकाळी फाटकापाशी चांगुणाबाईने तिला गाठलं. तिच्या केसांत कापसाचे तंतू अडकले होते, भुवयांवरही होते, त्यामुळे ती एकाएकी म्हातारी झाल्यासारखी दिसत होती.

"बाई, तुमी व्हत्या ना शाळंत?"

"मी वर्गावर होते."

"मंग दिसलं आसंल."

कौसल्याने पदर सारखा केला. चांगुणाबाई तिच्याकडे पाहत राहिली. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, दिसलं की नाही दिसलं, एवढंच.

शुक्रवारी संध्याकाळी तातेराव खोलीवर आले. ते तिच्या खोलीवर सहसा येत नसत. आले की चप्पल दाराबाहेर न काढता आत आणून कोपऱ्यात ठेवत, कुणी ओळखू नये म्हणून, तिच्यासाठी. ते खाटेवर टेकले. रूळांखालची खडी उपसून उपसून त्यांची बोटं वाकडी झाली होती, ती त्यांनी गुडघ्यांवर पसरून ठेवली.

"तुला बोलावलं म्हनं उद्या."

"हो."

"आमचं काय मागनं हाये ते तरी वाचलं का तू? पालिकेचीच शाळा पाहिजे, पालिकेचाच मास्तर. पुस्तकंबी तीच. समाजमंदिर आमी देतो, खर्चा बिलकुल न्हाई त्यांना. फक्त सकाळी पोरं वंदना म्हनतील, आन् आपन कोन, आपला बाप कोन, हे त्यांना कुनीतरी सांगंल. गावात उर्दू शाळा हाये, तिला कोनी वेगळी म्हनत न्हाई."

"दादा, वेगळी विहीर होती तेव्हा तुम्हीच त्यावरून भांडलात. आता वेगळी शाळा मागताय."

"ती विहीर त्यांनी दिल्ती. ही आपन मागून राह्यलो." ते म्हणाले. "त्याच्यात फरक हाये, कौसे."

तिला त्यातला फरक कळत होता. तिला दुसरी बाजूही कळत होती, आणि ती काही खोटी नव्हती. वस्तीतल्या शाळेत शिकलेलं पोर उद्या कचेरीत गेलं की त्याच्या दाखल्यावरच वस्तीचं नाव लिहिलेलं असणार. फाटकाच्या अलीकडच्या पोरांना ते कधी शेजारी बसलेलं दिसणारच नाही, आणि मग अलीकडचे म्हणणार, तुमची आहे ना तिकडे, तिकडेच जा. हे तिने रात्रंदिवस घोळवलं होतं, वाक्यं जुळवली होती, ती चांगली वाक्यं होती. फक्त ती वाक्यं जुळवताना मध्येच पत्र्यांची गल्ली दिसे, खांद्याला पत्रा लागे, आणि मग तिला कळेनासं होई की आपण कशाच्या विरुद्ध आहोत.

"तू आमच्या बाजूनं बोल आसं मी म्हनत न्हाई," तातेराव म्हणाले. "तुझी नोकरी हाये. तू गप बस. गप बसलीस तरी बराबर हाये."

खाटेच्या दुसऱ्या टोकाला रामकिसनने ट्रान्झिस्टरचा आवाज थोडा कमी केला आणि परत वाढवला. तातेराव उठले, कोपऱ्यातली चप्पल हातात घेतली आणि दाराबाहेर जाऊन पायांत घातली.

शनिवारी पालिकेचं सभागृह भरलं होतं. पुढे खुर्च्या, मागे सतरंजी. खुर्च्यांवर दुकानदार, वकील, शाळेतले शिक्षक; सतरंजीवर वस्तीतली माणसं, बाया एका बाजूला, त्यांत चांगुणाबाई आणि तिच्या मांडीला टेकून बेबीनंदा. कौसल्याला पहिल्या रांगेत खुर्ची होती. बसताना तिला पाठीमागे सतरंजीवरचे सगळे डोळे एका जागी, मानेच्या खाली, येऊन थांबल्यासारखे वाटले. तातेराव उभे राहून बोलले. नीट बोलले, पण लांब बोलले, आणि बोलण्यात मधूनच 'साहेब' येत होतं. अध्यक्ष साहेबराव टेबलावर बोटं वाजवत ऐकत होते. "आज तुम्हाला दिली, उद्या धनगर मागतील, परवा वंजारी मागतील," ते म्हणाले. "मग गावात शाळा राहील का जातपंचायती?" खुर्च्यांवर हशा झाला. तातेराव म्हणाले, उर्दूची आहे ना. "ती भाषेची आहे, तातेराव." "मंग आमचीबी भाषाच हाये आसं समजा," तातेराव म्हणाले, आणि या वेळी सतरंजीवरचे लोक हसले. साहेबराव हसले नाहीत. त्यांनी कौसल्याकडे हात केला.

ती उभी राहिली तेव्हा जुळवलेली वाक्यं गेली होती.  तिला खुर्च्या दिसल्या, छताचा पंखा दिसला, आणि मग कुठूनतरी ती खेड्यातली शाळा आली. अकरा वर्षांची होती ती. त्याच्या आधी शाळेत ती दाराबाहेरच्या ओट्यावर बसे. मास्तर आतून पाटी फेकत आणि ती झेलत असे. झेलण्यात ती तरबेज होती, एकदाही फुटली नाही. त्या दिवाळीच्या आधी वडील नागपूरला जाऊन आले, घरातले देव गेले आणि पुढच्या सोमवारी मास्तर दारात येऊन म्हणाले, "तुम्ही आता बौद्ध झालात म्हणे. मग आता कसला विटाळ? ये आत." त्यांनी तिला वर्गाच्या बरोबर मधोमध बसवलं, अलीकडे पाटलाची पोरगी, पलीकडे वाण्याचा पोरगा. आणि मुलांना टाळ्या वाजवायला लावल्या. त्या टाळ्या! शेणाने सारवलेली आतली जमीन इतकी थंड असते हे तिला तोवर माहीत नव्हतं. पाटलाच्या पोरीच्या परकराचा काठ तिच्या गुडघ्याला लागत होता आणि तो लागतो आहे हे तिला तळव्यांपर्यंत कळत होतं. तसं सुख तिला पुढे लग्नातही झालं नाही. मग मास्तरांनी ठसक्यात विचारलं, "झालं समाधान? जा आता," आणि ती ओट्यावर परत आली, आणि दोन मुलांनी बादली आणून ती बसली होती ती जागा धुतली. पाणी दारातून वाहत ओट्यावर आलं, तिच्या परकराखाली. वर्ग हसून हसून लोळत होता. घरी जाऊन तिने वडलांना सांगितलं की मास्तरांनी आज आत, सगळ्यांच्या मधे बसवलं. पुढचं सांगितलं नाही. वडील रडले होते. त्यानंतर प्रत्येक जयंतीला, प्रत्येक सभेत, लग्नाच्या मांडवातसुद्धा ते ही गोष्ट सांगत आले होते: माझी लेक सगळ्यांच्या मधी बसली. ओट्यावर ती पुढे दोन वर्षं बसली, पण ते रेल्वेच्या कामावर असत, त्यांना ते दिसलं नाही.

"मी खेड्यातल्या शाळेत शिकले," ती सभागृहात म्हणाली, "आणि अकरा वर्षांची असताना माझ्या गुरुजींनी मला वर्गात सगळ्यांच्या मधोमध बसवलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी मला वेगळी शाळा कुणी दिली असती, तर मी ओट्यावरून आत कधीच गेले नसते. आत जायचं असतं. आपल्या मुलांना आत बसू द्या." तिचा आवाज चांगला लागला होता. खुर्च्यांतून टाळ्या आल्या, भुजंगराव मान डोलवत होते, आणि टाळ्यांच्या त्या आवाजात तिच्या पोटऱ्यांना, मांड्यांच्या मागच्या बाजूला, थंड पाणी लागल्यासारखं झालं. तिने साडी चाचपली. कोरडी होती. "आणि या शाळेत?" साहेबरावांनी विचारलं. "या शाळेत तुम्हाला काही त्रास? मुलांना काही त्रास?" सतरंजीवरून चांगुणाबाई पुढे झुकली. बेबीनंदा तोंडात वेणी धरून बाईंकडे कौतुकाने पाहत होती.

"नाही," कौसल्या म्हणाली. "माझ्या पाहण्यात नाही."

अर्ज एकमताने नामंजूर झाला.

बाहेर तातेराव पायरीशी थांबले होते. वस्तीतले लोक त्यांच्यापासून थोडे लांब उभे होते, रागावलेले, पण त्यांच्यावर की तिच्यावर हे त्यांचं ठरत नव्हतं. वडील काहीतरी बोलतील, निदान थुंकतील, असं तिला वाटलं. तिने त्याचीच तयारी केली होती. "खोटं काय बोललीस तू," ते म्हणाले. "मीच सांगत आल्तो सगळ्यांना. आठरा वर्षं. आत बसली माझी लेक." त्यांनी वाकडी बोटं तोंडावरून फिरवली. "मंग मी कशाला मागू वेगळी?" आता सांगावं, असं तिच्या मनात आलं. ओठांपर्यंत आलं. बादली हा शब्द जिभेवर आला. पण ते सांगितलं तर या माणसाकडे मग काय राहील, असा एक दयेचा विचार तिने पुढे केला, आणि त्या विचाराच्या आड उभी राहून ती गप्प बसली. तातेराव फाटकाकडे चालू लागले. चांगुणाबाई पोरीला ओढत त्यांच्यामागून गेली. तिने कौसल्याकडे पाहिलं नाही. तिला जे जाणून घ्यायचं होतं ते कळलं होतं.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली त्या दिवशी भुजंगरावांनी तिला खोलीत बोलावलं. ते खुशीत होते. "तुमचं भाषण समितीला फार भिडलं, बाई. अध्यक्षसाहेब म्हणाले, अशी शिक्षिका आपल्याकडं असताना त्या मुलांना वाऱ्यावर सोडणं बरं नाही. त्यांना आधार दिला पाहिजे. म्हणून आपण विशेष तुकडी काढतोय. वस्तीतली सगळी मुलं, पहिली ते चौथी, तुमच्याकडे. मागची पत्र्याची शेड मोकळी करून घेतलीय."

"सर, पण मी तर... मी आत बसवा म्हणाले होते."

"आतच आहेत की. कंपाउंडच्या आतच." ते सांभाळून घेत हसले. "आणि तातेरावांचं मनही मोडायला नको. वंदना का काय ते, खुशाल म्हणा तिथं. फक्त आवाज जरा बेतानं. इकडं वर्ग चालू असतात."

शेडमध्ये मोडकी बाकं रचलेली होती, ती एका अंगाला ढकलली होती. नोव्हेंबर होता तरी पत्रा सकाळीच तापला. पोरं पोती घेऊन आली होती, ती अंथरून बसली. पोत्यांना सरकीचा वास होता, पोरांच्या केसांना गोड्या तेलाचा, आणि त्या वासात उभं राहताच कौसल्याला वाटलं, आपण इथून कधी गेलोच नव्हतो. मधली वर्षं कुणीतरी आपल्याला नुसती दाखवून परत घेतली. मुख्य इमारतीकडून प्रार्थनेचा आवाज येत होता. इकडची पोरं हात कुठे ठेवावेत ते न कळून बसली होती. पुढच्या पोत्यावर बेबीनंदा होती. तिने सगळीकडे पाहिलं, मागची पोरं पाहिली, शेजारची पाहिली, सगळी तिच्याच गल्लीतली, कुणी हसणारं नाही, आणि तिचा चेहरा हळूहळू उजळत गेला. ती उठून कौसल्यापाशी आली. तिने पदराचं टोक धरलं.

"बाई, झाली ना आपली शाळा? आजोबा म्हनले तशीच झाली. तुमीच केली ना?"

कौसल्याने तिच्या मुस्काटात मारली. हात इतक्या जोरात बसला की पोरगी मोडक्या बाकावर जाऊन आदळली. पत्र्याखाली तो आवाज बराच वेळ राहिला. कुणी रडलं नाही. सगळ्या पोरांनी एकाच वेळी पाठी ताठ केल्या आणि हाताची घडी घातली, कुणी न सांगता. आणि त्या ओळीकडे पाहताना कौसल्याच्या छातीतली कळ थांबली. कित्येक आठवड्यांत वाटलं नव्हतं इतकं तिला बरं वाटलं. "पदर धरायचा नाही," ती म्हणाली. "आणि 'म्हनले' नाही. म्हणाले. बोल." "म्हणाले," बेबीनंदा म्हणाली. "सगळे बोला." सगळे बोलले.

दिवसभर तिने चांगलं शिकवलं. पहिलीला अक्षरं काढून दिली, चौथीला गणितं घातली, एकदाही आवाज चढवावा लागला नाही. शाळा सुटल्यावर शिपाई मुख्य इमारतीच्या खोल्या झाडून कुलपं लावून निघून गेला. इकडे तो वळला नाही, आणि इकडे तो येणार नाही हे तिला न विचारता कळलं. शेडमध्ये धूळ, खडूचा चुरा, पोत्यांचे धागे पसरलेले होते. पोरं फाटकाकडे पळाली होती. बेबीनंदा पोतं गुंडाळत मागे राहिली होती.

"उद्या जरा लवकर ये," कौसल्या तिला म्हणाली. "येताना घरून खराटा आण. वर्ग झाडायचाय."

बाईंनी आपल्यालाच काम सांगितलं, एवढ्या सगळ्यांतून आपल्याला. पोरीच्या गालावर चार बोटं अजून लाल होती. तिने जोरात मान हलवली आणि ती हसली.